ज्याची सायकल त्यानंच

घाटनांदूरच्या राधाकिशन यांची सगळी नोकरी हिवताप विभागात, सायकलवर गेली. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या गावाला निघायचं. लोक त्यांना डाक्टर म्हणत. सीटमागे चामड्याची थैली असे. तिच्यात दोन्ही टोकांना भोकं असलेला डमरूच्या आकाराचा पाना, कानस, सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबचे तुकडे. पंक्चर शोधायला जनावरांचा हौद चालायचा. हौद नसला तर कुठल्याही दारात पाण्याचं घमेलं मिळायचं. एकदा ट्यूबच फाटली, तेव्हा टायरमध्ये वाळलं गवत कोंबून त्यांनी दिवसभराची गावं पुरी केली होती.

निवृत्तीनंतरही दिवाळी झाली की ते सायकलवर लिंबागणेशला जातात. सोबत चाँदभाई. चाँदभाईंचं स्टेशनजवळ सायकलचं दुकान होतं. आता तिथे त्यांचा मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो. राधाकिशन देवळात जातात, चाँदभाई बाहेर चहा पीत बसतात, मग दोघे परत निघतात.

सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यात काही बिघडलं की राधाकिशन झाडाखाली बसायचे आणि दोन्ही सायकली चाँदभाई बघायचे. एका वर्षी चाँदभाई वैतागले. "दुकान बंद करून फिरायला आलो बे, अन् तू हितंबी दुकानच लावायला लावलंस." तेव्हापासून नियम पडला. ज्याची सायकल त्यानंच नीट करायची. दुसऱ्याने तोंड चालवायचं, हात नाही.

या वर्षी राधाकिशन यांचा डावा गुडघा दुखत होता. त्यांचा मुलगा रविराज जाऊ द्यायला तयार नव्हता. शेवटी त्याने अट घातली.

"जा आप्पा. पण रस्त्यातून 'गाडी घेऊन ये' म्हणून एक जरी फोन आला, तर सायकल भंगारात."

"कबूल," राधाकिशन म्हणाले.

"चाचा, तुमी साक्षीला," रविराज म्हणाला. चाँदभाईंनी मान हलवली.

पहिला दिवस नीट गेला. मुक्काम केजला, चाँदभाईंच्या साडूकडे. दुसऱ्या दिवशी केज सोडल्यावर राधाकिशन यांच्या डाव्या पायडलातून टकटक ऐकू यायला लागली. नेकनूरच्या अलीकडे दांडा सैल होऊन फिरायला लागला. पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी पिन, जिला मेकॅनिक काटर म्हणतात, झिजली होती.

रस्ता आता सिमेंटचा आहे. जागोजागी ट्यूबलेस पंक्चरचे बोर्ड आहेत, हवेच्या मशीनवर आकडे दिसतात, पण काटर कुणाकडे नाही. राधाकिशन यांच्या थैलीत चिंधीत गुंडाळलेलं एक काटर होतं. त्यांनी सायकल बाभळीखाली आडवी केली, जुनी पिन काढली, नवी घातली आणि दगड उचलला.

"हळू, डाक्टर. सायकल हाय ती, साप न्हाई," चाँदभाई बिडी पेटवत म्हणाले.

"तू गप बस. बिडी ओढ."

"दगड तरी सरळ धर की बे. लगीन झालं तवाबी असाच थरथरत होतास."

काटरची एक बाजू उतरती असते. ही पिन उलट्या अंगाने ठोकली तरी आवळून बसते, पण मग दोन पायडलं एका ओळीत राहत नाहीत. राधाकिशन यांनी ती उलटीच ठोकली. चाँदभाईंच्या लक्षात आलं तोवर पिन बसली होती. ठोकून बाहेर काढली असती तर तिचे आटे गेले असते, आणि दुसरी नव्हती. मग रविराजला फोन करण्यावाचून इलाज उरला नसता. चाँदभाई बोलता बोलता थांबले.

राधाकिशन यांनी नट आवळला आणि टांग मारली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "चांद्या, पायडल लंगडतंय का रे?"

"पायडल न्हाई. तुझा गुडघा लंगडतोय."

राधाकिशन यांनी उतरून पाहिलं नाही. आयुष्यभर सायकली उघडलेल्या माणसाचा तो शब्द होता. पुढच्या चढांवर ते उतरून चालले. दर वेळी पुन्हा बसताना गुडघ्यावर हात दाबून बघत होते. चाँदभाई मागे होते. त्यांनी चेष्टा केली नाही.

रविराज कामासाठी बीडला आला होता. तिथून तो गाडी घेऊन लिंबागणेशला पोचला. दुपारी देवळातून बाहेर आल्यावर राधाकिशन त्याच्याशेजारी हॉटेलच्या बाकावर बसले.

"फोन केला न्हाई मी," ते म्हणाले. "पण सायकल घेऊन जा तू. भंगारात दे न्हाईतर कुणाला दे. गुडघा गेला माझा. मलाच कळलं रस्त्यात."

चाँदभाईंनी कप खाली ठेवला.

"गुडघ्याला काय झालं न्हाई. काटर उलटं ठोकलंस तू."

राधाकिशन उठले. सायकल स्टँडवर घेऊन त्यांनी पायडल हाताने फिरवलं. उजवं सरळ खाली आलं, तेव्हा डावं नीट वर नव्हतं.

"तुला तवाच दिसलं?"

"दिसलं."

"अन् गुडघा सांगितलास मला?"

"मग काय सांगू? काढ म्हणालो असतो तर तिथंच अडकला असतास. तोंडात आलं ते बोललो. मला काय ठावं तू खरं मानशील. माझं कवा खरं मानलंस?"

"आयला, नेकनूरपासनं मरण आठवत आलो मी!"

"चढावर उतरत होतास, मरत न्हवतास," चाँदभाई म्हणाले. "माझेबी पाय दुखले तुझ्यामागं चालून."

रविराज हसला, पण वडील हसत नाहीत हे पाहून थांबला. "आप्पा, आता दोन्ही सायकली गाडीत टाकू."

"कावून?"

"पायडल वाकडं हाय ना."

"हाय. चालतंय पर. अटीत वाकड्याचं काय बोलणं झालं न्हवतं."

जेवण करून ते निघाले. रविराज गाडी हळू चालवत त्यांच्या मागे राहिला. मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते. मांजरसुंब्याच्या चौकात राधाकिशन यांनी हाताने त्याला जायची खूण केली. तो बीडकडे वळला. दोन्ही सायकली केजच्या रस्त्याला लागल्या. पुढच्या सायकलचं डावं पायडल दर फेऱ्याला थोडं मागे राहत होतं.