बिननावाचा गुंड

आमच्या वऱ्हाडात गुंड म्हटलं की लाठीवाला माणूस नाही, पाण्याचं पितळी भांडं आठवतं. पोटाला मोठं, गळ्याला आखूड. माझं लग्न ठरलं तेव्हा बीबी गावच्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती, "पोरीसंगं गुंड पाठवा. बाकी तुमची मर्जी." आणि नेमका तोच मिळत नव्हता. जर्मन-जपानची लढाई सुरू झाली तसं पितळ बाजारातून नाहीसं झालं होतं. सुलतानपुरात आमचं मडक्यांवर भागायचं, पण मडकं काही आंदणात देता येत नाही.

लढाई संपली आणि दिवाळीनंतर बाबांना खबर लागली की लोणारच्या तांबटानं सरकारी लिलावातून पितळ आणलंय. आम्ही बापलेक गाडी जुंपून निघालो. मी कशाला? तर गुंडाचं माप कमरेवरून घ्यायचं, असा मायचा कायदा होता.

तांबटाच्या अंगणात माझं पाऊलच अडलं. पितळी नळकांड्यांचा ढीग पडला होता, एकेक माझ्या गुडघ्याएवढं. उन्हात असा झळकत होता की समोरच्या मातीच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला होता. इतकं पितळ मी देवळातही पाहिलं नव्हतं.

"हे कायचं हो काका?"

"तोफेच्या गोळ्याचं टरफल हाये, बाई. गोळा पुढं, दारू आत, अन् हे मागं."

मी एक उचलून उपडं केलं. बुडावर गोल फिरवून इंग्रजी अक्षरं ठोकलेली. तो कारखान्याचा शिक्का आणि माप होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हाची मी म्हणजे अकलेचं नुसतं गाठोडं, गाठ कोणी सोडलेलीच नव्हती. आमच्याकडे भांड्याच्या बुडावर काय कोरतात? कोणी दिलं आणि कोणाला दिलं. मग एवढं महागाचं भांडं बिननावाचं कोण पाठवेल? म्हणजे या अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव आहे, आणि ज्याच्यावर गोळा पाठवला त्याचंही. आणि आतून रिकामं, म्हणजे भेट पोचली!

हातातून नळकांडं सुटलं. असं घणघणलं की बैल बिचकले.

"मले नाही पाह्यजे."

"काऊन वं?" बाबा म्हणाले.

"मेलेल्या माणसाचं नाव हाये त्याच्यावर. मी नाही नेत सासरी."

"अवं, गुंडाबिगर लगन कसं लागन? तुह्या सासूले काय सांगू, पोरगी तोफेले भेली म्हून?"

"सांगा."

बाबांनी कपाळाला हात लावला. "लिलावात हे माही पोरगीच ठेवाची व्हती, तोफ म्हून. कोणी बोली नसती लावली."

तांबट मात्र हसला नाही. "बाई, हे उडलेच नाहीत. लढाई थांबली अन् हे उरले. गोळा काढला, दारू काढली, मोडीत घातले. लिलावातल्या मुकादमानंच सांगतलं मले."

"मंग ज्याचं नाव हाये, थो?"

माझा घोळ त्याच्या लक्षात आला होता की नाही, देव जाणे. तो म्हणाला, "असन की जिता. भाकर खात असन."

मी ढिगाकडे पुन्हा पाहिलं. एवढी माणसं! कुठकुठल्या गावची. बसली असतील जेवत, बायकोशी भांडत, आणि त्यांची नावं लोणारात ऊन खात पडलेली. समजूत खुळी होती, पण अंगावर आलेला काटा खरा होता. शिक्क्याचा अर्थ कळला तरी तो काटा काही गेला नाही.

"तोंडाले पदर लाव," तांबट म्हणाला आणि त्यानं टरफलं मुशीत घातली. भाता चालला. पितळ पाझरलं तशी हिरवट ज्वाळा उठली, पांढरा धूर निघाला आणि धुरातून जळलेल्या जस्ताचे हलके पांढरे पुंजके तरंगत आले. हुबेहूब जिनातला सरकी काढलेला कापूस. बाबांच्या पागोट्यावर बसले, बैलांच्या शिंगांवर बसले. मुशीत वाकून पाहिलं तर अक्षर नव्हतं, तोफ नव्हती. नुसता एक सूर्य डुचमळत होता.

गुंड ठोकून तयार झाला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. माझ्या कमरेवर तो असा बसला की जणू तिथंच वाढला. तांबटानं छिन्नी घेतली. "नाव काय घालू?"

"काहीच नका घालू."

"बिननावाचं भांडं चोरीचं वाटते, वं!" बाबा ओरडले.

"एक नाव आत्ता कुठं मोकळं झालं. लगेच दुसरं कायले अडकवता?"

एवढं शहाणं वाक्य मला जन्मात पुन्हा सुचलं नाही. तांबटानं छिन्नी खाली ठेवली.

लग्नात सासूबाईंनी भर मांडवात गुंड उपडा केला. "नाव कुठं हाये?"

बाबा जमिनीकडे पाहत राहिले. नव्या नवरीनं बोलायचं नसतं, पण बाबांनी म्हटलं तशी तोफच मी.

"आत्याबाई, हे तोफेचं पितळ हाये. ज्याच्यासाठी व्हतं थो वाचला. म्हून कोणाचंच नाव नाही घातलं."

सासूबाईंनी बोटानं गुंडावर टिचकी मारली. नाद लांबवर गेला. तो पुरता विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दारात ठेवा याले. नाव नाही त्याच्यावर, तं कोणीबी पाणी पेईन."

आणि बाजाराला जाणारं येणारं अख्खं बीबी आमच्या दारात पाणी प्यायला थांबू लागलं. विहिरीवरून तो गुंड भरून वाहायला कोण? तर ज्या शहाणीनं नाव घालू दिलं नाही, ती. नाव असतं तर घरापुरतं भरून भागलं असतं! पण मायचा कायदा खरा ठरला. गुंड कमरेवरच बसला, तो उतरलाच नाही.