नमुना बाद

"मॅडम, तुमच्यात पूजा चालत नाही ना, म्हणून तुमच्या सोयीसाठी आम्ही उपप्राचार्यांना सपत्नीक बसवलं."

संस्थेचे अध्यक्ष हे हसून बोलले. स्वतःच्या हातानं मला खुर्ची दाखवली. तिसऱ्या रांगेत. धुळ्याजवळच्या आमच्या खाजगी कृषी महाविद्यालयात त्या दिवशी माती परीक्षण प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. मी मृदाशास्त्राची प्राध्यापक, प्रभारी प्राचार्य आणि त्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिच्या मंजुरीसाठी पुण्याला खेटे घातले ते मीच.

आणि तरी मी म्हणाले, "थँक्यू सर."

आम्ही बौद्ध. पूजा मला करायचीच नव्हती. म्हणून तर तोंड उघडता येईना. पण पूजेबरोबर त्यांनी माझी मंचावरची खुर्चीही काढून घेतली, वर उपकार केल्यासारखं दाखवलं. याला केसानं गळा कापणं म्हणतात.

बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. सर्वेक्षणाला सावद्याकडे जायचो, तेव्हा बागायतदाराच्या घरी बाकीचे आत जेवायचे. माझं पान ओसरीवर. का, तर मॅडमना तिथं वारा लागेल. विभागात गणपती बसला की मला सुट्टी. नोकरीभर हे लोक माझी सोय पाहत आले आणि मी आभार मानत आले. माझी आई दोंडाईच्याजवळ लोकांच्या शेतात निंदायला जायची. तिला निदान सरळ सांगायचे, लांब बस.

मंचावर पितळी ताटात माती होती. अध्यक्षांच्याच चाळीसगावकडच्या शेतातली, प्रयोगशाळेचा पहिला नमुना म्हणून आणलेली. उपप्राचार्यांनी आणि वहिनींनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वरून पंचामृत. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. त्याच मातीची आरोग्यपत्रिका आकड्यांसकट आधीच छापून तयार होती. तिच्यावर सही हवी होती आणि सहीचा अधिकार फक्त मला होता.

पूजेला नाही, खुर्चीला नाही, सहीला मात्र मी. ताकापुरती आजी.

वर गेले. पुढच्या महिन्यात माझी प्राचार्यपदाची नेमणूक कायम व्हायची होती आणि ती याच माणसाच्या हातात होती. त्यांनी पेन पुढं केलं. मी माइक घेतला.

"या मातीत हळद, कुंकू, दूध, साखर पडलीय. हा नमुना बाद. न तपासलेल्या मातीच्या पत्रिकेवर मी सही करणार नाही."

मागून एक म्हातारा शेतकरी बोलला, "बाई खरं बोली ऱ्हायनी."

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. आता हसणं नव्हतं. श्रद्धेचा अपमान केलात म्हणाले, माफीचं पत्र द्या, नाहीतर नेमणूक विसरा. मी उठून दाराकडे निघाले तसं त्यांच्या पोटातलं ओठावर आलं.

"तुम्हाला इथपर्यंत येऊ दिलं, तेच चुकलं आमचं."

मला बरं वाटलं. खरंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं होतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून तिनं विचारलं, पद जाईल का. म्हटलं, जाईल.

"जावू दे. पन माफी मांगशी ते मन्हा घर येवू नको."

दुसऱ्या दिवशी मी पत्र दिलं. त्यात माफी नव्हती. आपला नमुना बाद झाला आहे, शेतातून नवा आणावा आणि इतर शेतकऱ्यांसारखा रांगेत उभं राहून द्यावा, एवढंच लिहिलं. खाली सही केली.

नेमणूक झाली नाही. प्रभारी पदही काढून घेतलं. मी पुन्हा विभागात बसते, मुलांना शिकवते. "मॅडम, बरंच झालं, तुमचा ताप गेला," असं उपप्राचार्य परवा गोडीत म्हणाले. त्यांना मी तिथंच थांबवलं. ताप गेलेला नाही. पद माझ्या हक्काचं आहे आणि त्यासाठी मी कोर्टात गेले आहे. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. आणि माझी सोय कशात आहे, ते इथून पुढं मी सांगणार. त्यांनी ऐकायचं.