तिसरा रणगाडा

गाळपाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की अप्पांना काम नसायचं. हंगामभर अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहायचा आणि उन्हाळा घरात काढायचा. त्या उन्हाळ्यात मीही पदवी घेऊन घरी बसले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. दुपारी कूलर लावून लॅपटॉपवर रणगाड्यांचा एक खेळ खेळायचे. बर्फाचं मैदान, माझ्याकडं जर्मन रणगाडे, समोर रशियन फौज. एक चाल माझी, एक त्यांची.

अप्पा हळूहळू शेजारी येऊन बसायला लागले. मी कॉलेजला गेल्यापासून आमचं बोलणं जेवलीस का, गाडी किती वाजता, एवढ्यावर आलं होतं. या खेळापायी ते पुन्हा सुरू झालं. रशियानं आपलं काय वाकडं केलंय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. माझी चाल होईपर्यंत समोरचा गुपचूप थांबतो, हे तर त्यांना पटेचना. कारखान्याच्या रांगेत इतका दम कोण धरतो, म्हणाले. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आम्ही बापलेक बर्फ किती जाड असेल यावर वाद घालायचो. चहा झाला की तेच आवाज द्यायचे, चल, लढाई लाव.

मग एका दुपारी संभाजीनगरहून माझी कॉलेजची मैत्रीण आली. तिच्यासमोर मी मुद्दाम अवघड लढाई लावली. गोठलेली नदी ओलांडायची होती. मी तीन रणगाडे एकामागं एक लावले. दोन पार झाले. तिसरा हलवणार, तेवढ्यात मागून अप्पा म्हणाले, "त्याच चाकोरीनं नको नेऊ, बाई. पहिला निघतो, दुसराबी निघतो, तिसरा फसतो. जरा बाजूनं घाल."

ओल्या काळ्या रानातून भरलेल्या ट्रॉल्या काढायची त्यांची ती रीत. पहिलीच्या चाकानं जमीन दबते, दुसरीच्या चाकानं फाटते. मला हे ठाऊक होतं. लहानपणी त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मी ते पाहिलं होतं. पण मैत्रीण त्यांच्या बोलण्याला हसली आणि मला लाज वाटली.

"अप्पा, हा ऊस नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काय कळतंय यातलं? सातवी तरी झाली का तुमची?"

तिसरा रणगाडा मी त्याच वाटेनं घातला. बर्फ फुटला, तो बुडाला. मैत्रीण पुन्हा हसली, या वेळी मला. मागं वळून पाहिलं तर अप्पा उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही रणगाडे वेगवेगळ्या जागेवरून नेऊन मी तीच लढाई जिंकली. अप्पा अंगणात ट्रॉलीच्या चाकाला ग्रीस देत होते. जाऊन सांगितलं, तुम्ही म्हणालात तसंच केलं, सगळे पार झाले.

"मी कुठं काय म्हणलो, बाई," ते वर न बघता म्हणाले. "मला कळत न्हाई त्यातलं."

माफी मागायची तर तिथंच मागायला हवी होती. मी चहा ठेवू का, एवढंच विचारलं.

त्यानंतर कारखान्याचे आणखी दोन पट्टे पडले, दोन वर्षं गेली. तो खेळ मी लॅपटॉपवरून काढून टाकला. अप्पांच्या फोनवर काही अडलं, एखादा अर्ज भरायचा असला, की ते चपला घालून दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जातात. दुकानदार दहावी नापास आहे. घरात मी असते.