मावशींची सही

"आधी वाच. मंग टोचते." पदराची गाठ सोडायच्या आधी मावशींचं हे ठरलेलं वाक्य. टोचायचं म्हणजे डोंगल कॉम्प्युटरला लावायचं. सरपंचाची डिजिटल सही असते ना, तिचं ते बोटाएवढं डोंगल मावशी घराच्या किल्लीबरोबर पदरात बांधून हिंडायच्या. मंठा तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत त्या सरपंच, आणि मी कॉम्प्युटरवर बसणारा.

ती सही काढायची तर आधी मोबाइलवर व्हिडिओ द्यावा लागतो. कॅमेऱ्याकडं बघायचं, नाव सांगायचं, आधार कार्ड दाखवायचं. आमचा व्हिडिओ तीनदा नापास झाला. पहिल्यांदा त्यांनी जय भीम घालून समोरच्या साहेबाच्या लेकराबाळांची चौकशी केली. समोर कुणी नाही म्हटलं, तर पुढच्या दोन्ही वेळा माझ्याकडंच बघत राहिल्या. चौथ्यांदा मीच मोबाइलच्या मागं जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठं जमलं.

मावशींना स्वतःच्या नावापलीकडं लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी मधेच अडवायचं, "हे पुन्यांदा सांग." मग पदर आडवा धरून एका बोटानं पिन टाकायचा. साध्या दाखल्यालाही पाऊण तास. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. शेवटी मीच गोड बोलून त्यांना पटवलं, की रोज कुठं हेलपाटे घालता, डोंगल राहू द्या माझ्या ड्रॉवरात, पिनही सांगून ठेवा, मी फोनवर वाचून दाखवत जाईन. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि गाठ सोडली.

पहिले काही महिने मी फोन करून वाचलंही. नंतर नुसतंच "दाखला आहे, करतो" म्हणायला लागलो.

नळयोजनेची सुधारित यादी आली, त्या दिवशी मावशी वडीगोद्रीला बहिणीकडं गेल्या होत्या. ग्रामसेवकांचा तालुक्याहून फोन आला, आजची शेवटची तारीख आहे, जल्दी कर. मावशींचा फोन लागेना. मी यादी उघडून पाहिलीसुद्धा नाही. डोंगल लावलं, पिन टाकला, सही केली आणि चहाला गेलो.

त्या यादीतून शेवटच्या वस्तीची पाइपलाइन गाळलेली होती. मावशींचीच वस्ती, सतरा घरं. वस्तीत नळ आणते म्हणूनच त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. आणि सही झालेली यादी आता बदलत नाही, असं तालुक्यानं सांगितलं.

ग्रामसभेत वस्तीतल्या बायांनी तो कागद त्यांच्यापुढं धरला. खाली नाव त्यांचं. मी टेबलाशीच बसलो होतो. मावशींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. आता माझं नाव घेतात, असं वाटून मी इतिवृत्ताची वही पुढं ओढली.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं वाचायचं राह्यलं."

त्यांना वाचता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिलो. उठून चार शब्द बोलायला काय लागत होतं हो? फार तर नोकरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. शिव्या खायची माझी तयारी होती. त्यांनी डोंगल मागितलं आणि पदरात बांधलं.

"तुला वाचता येतं, म्हणून तुझ्याजवळ ठिवलं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

सरपंचपदाची मुदत संपेपर्यंत त्या रोज येत राहिल्या, मी वाचत राहिलो. मधे अडवणं मात्र त्यांनी सोडून दिलं. वस्तीत त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, हे मला कळत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारल्या. महिन्याभरानं त्यांची सून डोंगल घेऊन आली. रिकामा हंडा तिनं बाहेर पायरीवर ठेवला होता. नळासाठी आत्याबाईची सही आता चालती का, म्हणून विचारलं. मी लावून पाहिलं, सहीची मुदत संपलेली होती. चालत नाही म्हणालो. तिला तरी खरं सांगायचं होतं, पण मी डोंगल काढून तिच्या हातात दिलं. ती हंडा उचलून हापशाकडं गेली.

मग मी ती जुनी यादी काढली. खाली मावशींची सही होती, तिथं ती अजून चालत होती. दार लोटून घेतलं आणि यादी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर थांबलो. पुन्यांदा सांग म्हणायला कुणी नव्हतं.