चिमूटभर कॅरम पावडर

आमच्या घराजवळच्या गेम पार्लरच्या कोपऱ्यात बोलिंगचं एक जुनं व्हिडिओ गेम मशीन आहे. असं मशीन आता कुठे बघायलाही मिळत नाही, असं पार्लरचे काका सांगतात. पडद्यावरचा चेंडू सोडायला खाली बसवलेला पांढरा गोळा तळहाताने फिरवायचा. माझ्या हातांना घाम येतो, म्हणून काका न विचारता माझ्या तळहातावर चिमूटभर कॅरम पावडर टाकतात.

काल तिथे माझ्याच वयाची एक मुलगी खेळत होती.

"काका, हा गोळा हातातून सटकतोय हो!"

काकांनी पावडरची डबी काढली. "घे. आणि ढकलू नकोस, नुसता सोडून दे."

मला शिकवताना वापरलेले तेच शब्द. तिने एका फटक्यात दहाही पिना पाडल्या आणि काकांना खुशाल टाळी दिली. मी दोन वर्षांत त्यांना धड थँक यूसुद्धा म्हटलेलं नाही.

कमी बोलणारी माणसं मनातल्या मनात एखादी जागा, एखादं माणूस आपलं करून टाकतात. त्या माणसाला ते ठाऊकही नसतं. मग दुसऱ्या कुणी सहज हात पुढे केला, की आपल्याकडे चोरी झाल्यासारखं वाटतं, आणि तक्रार करायला तोंड नसतं.

ती मागे वळली. "तू पण खेळतेस का गं? ये ना."

"नाही," मी म्हणाले. "मला येत नाही हे."

काका काहीतरी बोलणार होते, पण माझ्याकडे बघून थांबले. तेवढं मात्र त्यांनी फक्त माझ्यासाठी केलं.