भुऱ्या, राणी आणि मधल्या खोलीतला वाघ

आमच्या मधल्या खोलीत वाघ येऊन झोपतो, असं मी एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे. तेही कुणाला, तर आम्हाला मूल द्यावं की नाही हे ठरवायला आलेल्या बाईंना.

त्याचं असं झालं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोनदा वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेले आणि दोनदा आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हाती घरी आलो. मग दत्तक घ्यायचं ठरलं. कागदपत्रं झाली, आणि एक दिवस वर्ध्याहून दत्तक संस्थेच्या मॅडमचा फोन आला, की त्या उद्या सकाळी घर बघायला येतील. मॅडमनी आमच्या हिंगणी गावचा रस्ता विचारला आणि शेवटी सहज म्हणाल्या, "घरी कुत्रा वगैरे आहे का हो?"

"छे छे," मी म्हणालो, "आमच्याकडे मांजरसुद्धा नाही."

आमच्याकडे दोन कुत्रे होते. भुऱ्या आणि राणी. आमचं वांग्या-सांभाराचं, म्हणजे वांगी-कोथिंबिरीचं, वावर बोर अभयारण्याच्या जंगलाला लागून आहे, तिथं रानडुकरं येतात, आणि डुकरं हाकलायला भुऱ्यासारखा गडी तालुक्यात नाही. अडचण एवढीच, की तो डुक्कर आणि पाहुणा यांत फरक करत नाही. मीटरवाला आमचं रीडिंग रस्त्यावरून ओरडून विचारतो, आणि मी सांगीन ते लिहून निघून जातो.

तरी मी खोटं बोललो नसतो. पण शेजारच्या गजूभाऊंनी आधीच माझ्या डोक्यात भरवलं होतं. (गजूभाऊंना दत्तकाचं काही कळत नाही. पण न कळणाऱ्या गोष्टीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.) "सुधाकरभाऊ, कुत्रे दिसले का फाईल बंद," ते म्हणाले. "तुमी फिकर नोका करू. मी त्या दिवशी सकाळीच येतो अन् दोघायलेबी माह्या वावरातल्या कोठ्यात बांधून ठेवतो." वंदनाला हे मुळीच पटलं नाही. तिनं मला विचारलं, जे घरचे आहेत त्यांना लपवून घरात नवं माणूस आणायचं, ही कुठली रीत? मी तिला म्हणालो, तू शांत राहा, हे बाहेरचे व्यवहार आहेत.

दुसऱ्या दिवशी आईनं तांबडं फुटायच्या आधी उठून, मॅडम येणार म्हणून, मधल्या खोलीपासून अंगणाच्या फाटकापर्यंत शेणानं सारवून काढलं. मधली खोली आम्ही बाळासाठी ठेवली होती. सारवणावर आईनं ठिपक्यांची रांगोळीही घातली. आणि हे सगळं झाल्यावर गजूभाऊ आले.

भुऱ्या नेमका मधल्या खोलीत पलंगाखाली निजला होता, आईनं त्याला न उठवता त्याच्याभोवती सारवलं होतं. तो काही केल्या निघेना. गजूभाऊ पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होतो, आणि हा पठ्ठ्या चारी पाय रोवून ओल्या सारवणातून इंचाइंचानं बाहेर आला. राणी आपण होऊन निघाली, पण जाता जाता शेपटीनं अर्धी रांगोळी पुसून गेली. ओल्या शेणात तेव्हा काही दिसलं नाही. आईनं रांगोळी सारखी केली आणि आम्ही हात धुऊन मॅडमची वाट बघत बसलो.

मॅडम आल्या त्या एकट्या, स्कूटीवर. पन्नाशीच्या आसपास, गळ्यात दोरीला चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. फाटकापाशीच चपला काढून, सारवण मोडू नये म्हणून त्या भिंतीच्या कडेनं आल्या. मला तिथंच त्यांचा धाक बसला. छपरीत, म्हणजे ओसरीत, चहा झाला, प्रश्न सुरू झाले. आवाज चढा नाही, घाई नाही, पण एक प्रश्न विचारून गप्प बसली की समोरच्यानं तीन उत्तरं द्यावीत, अशी ती बाई. शेवटी त्यांनी विचारलं, "मूल मोठं झाल्यावर, ते दत्तक आहे हे त्याला खरं सांगाल?"

मी ताठ बसलो. म्हणालो, आमच्या घरात खोट्याला थारा नाही, माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी खोटा शब्द काढला नाही, आणि जे मूल या घरात येईल ते खरं ऐकतच मोठं होईल. बोलता बोलता माझा मलाच गहिवर आला. वंदना मात्र जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, लाजली असेल.

ती अंगणाकडे बघत होती. ऊन वर आलं होतं आणि सारवण वाळत होतं. जसजसं वाळत होतं तसतसे त्यात ठसे उमटत होते. एकेक पंजा, ठसठशीत, मागं घसरल्याच्या रेघा, मधल्या खोलीपासून थेट फाटकापर्यंत. पापडावर बोटं उमटतात तसे. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, अंगणभर नजर फिरवली, त्या ठशांचा माग उलटा काढत मधल्या खोलीत गेल्या आणि पलंगाखाली वाकल्या.

"हे कुणाचे पाय?"

मांजराचे म्हणायची सोय मीच काल फोनवर बंद करून टाकली होती. आई पदर तोंडाला लावून उभी. वंदनानं डोळ्यांनी खूण केली, की आता तरी सांगा. आणि माझ्या तोंडून निघालं, "वाघाचे असतील, मॅडम. बोरचं जंगल जवळच आहे ना."

आपण काय बोललो ते मला हळूहळू कळायला लागलं. कुत्रा आहे म्हणून मूल देणार नाहीत या भीतीनं मी बाळाच्या पलंगाखाली वाघ आणून बसवला होता!

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. खाली बसल्या, ठशाच्या कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दादा, माझे वडील जंगल खात्यात होते. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, त्याची नखं उमटत नाहीत. ह्याची चारही उमटलीत. आणि हा स्वतः चालत गेलेला नाही. ह्याला ओढत नेलंय."

मी थक्क झालो. घाबरायचंही विसरून त्या ठशांकडे बघत राहिलो. एवढ्याशा मातीतून एवढं वाचणारी बाई, मग तिनं आमच्या तोंडावरून काय काय वाचलं असेल?

मॅडम वह्या पिशवीत घालत होत्या, तेवढ्यात फाटकाशी धडधड झाली. भुऱ्या आला होता. गळ्यात दोर, दोराला गजूभाऊंच्या गोठ्यातला उपटलेला खुंटा, मागं राणी आणि बऱ्याच मागं, धोतर सावरत, गजूभाऊ. परका माणूस घरात, आणि भुऱ्या मोकळा. मी आडवा आलो तर तो माझ्या बगलेतून निसटला, मॅडमच्या साडीला अंग घासून, त्यांच्याकडे न बघता सरळ गेला आणि वंदनाच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. वंदना रडत होती. ते मला दिसलं नव्हतं. त्याला कोसभरावरून कसं कळलं, मला अजून सांगता येत नाही.

"मॅडम, हे दोघं आमचे होत," वंदना म्हणाली. "यायनं भेवापायी खोटं सांगतलं. दुसऱ्या खेपेले मी दवाखान्यातून आलो, तवा आठ दिवस हा माह्या खाटेखालून हालला नाई. भाकर दिली तं सुंगून ठेवून दे. मी जेवलो तवा जेवला. लेकरू द्या का नोका देऊ, पण याले मी आता लपवत नाई."

मॅडमनी कुत्र्यांच्या लसीचे कागद मागितले. वंदनानं देवाच्या फोटोमागून पिशवी काढली. आमच्या लग्नाचा दाखला शोधायला मला महिना लागला होता, कुत्र्यांचे कागद तारीखवार लावलेले होते. मॅडमनी ते एक एक करून वाचले, दोघांचे फोटो काढले आणि आशा सोडून उभा असलेल्या माझ्याकडे वळल्या.

"तासाभरापूर्वी तुम्ही मला खरेपणावर भाषण दिलंत. तेव्हा मला काळजी वाटली होती. आता जराही नाही वाटत."

"काऊन, मॅडम?" माझी शहरी भाषा तोवर संपली होती.

"तुम्हाला दोन कुत्रे दोन तास लपवता आले नाहीत. पोरापासून त्याच्या जन्माची गोष्ट तुम्ही काय लपवणार?"

पुढं आणखी एकदा त्या येऊन गेल्या, न सांगता. मग वाट बघण्यात दीड वर्ष गेलं, आणि मैना घरी आली. चौदा महिन्यांची होती. वंदनानं तिला मधल्या खोलीत खाली ठेवलं, तर भुऱ्या उठला, तिच्या तळपायाचा एकदा वास घेतला आणि जाऊन उंबऱ्यावर आडवा पडला. त्या दिवशी त्यानं गजूभाऊंनाही आत सोडलं नाही. मी दाराशी बघत उभा होतो. एवढी वर्षं मी लोकांसमोर कधी रडलो नाही, तेव्हा रडलो, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

सहा महिन्यांनी मॅडम परत आल्या, मैना कशी रुळली ते बघायला. आईनं सकाळीच सारवलं होतं, आणि वाळत आलेल्या अंगणभर ठसेच ठसे. मी आता शहाणा झालो होतो. त्यांनी विचारायच्या आधीच बोट दाखवून सांगून टाकलं, हे भुऱ्याचे, हे राणीचे आणि ही मधली इवली इवली पावलं मैनाची.

"आणि हे?" मॅडमनी विचारलं. ओल्या सारवणातून, रांगोळीच्या मधोमध, मोठ्या चपलेचे ठसे थेट माझ्या पायांपर्यंत आले होते.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "थे आमच्या वाघाचे होत, मॅडम."

या वेळी मॅडमनी ते लिहून घेतलं.