बाबांची मशरूम-ट्रायल

आमच्या फ्रिजच्या दारावर पाच याद्या असतात. त्यात सगळ्यात वर माझ्या सासऱ्यांच्या गोळ्यांची. बाबांना पार्किन्सन्स आहे. दिवसाला चार गोळ्या, ठरलेल्या वेळी. घेतली की चौकोनात बरोबरची खूण. मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅच बघते, नवरा फिरतीवर असतो, आणि पावणेसातची कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे घर यादीवर चालतं.

बाबांना ही पद्धत शिकवावी लागली नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं क्वालिटीत काढली. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "व्हायब्रेशन आहे. उजव्या बाजूला जास्त. लोड नसताना येतं, लोड दिला की कमी होतं." इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा आठवडाभर खूश होते.

मग स्कॅन झालं. त्याआधी बाबांनी पेपरातलं विज्ञानाचं पान वाचलं होतं. मूलकणांवर लेख होता. या स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन नावाचा कण वापरतात आणि तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात, असं त्यात होतं. टेबलावर झोपल्यावर त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, "माझ्या डोक्यात आधीच माल कमी आहे. त्यातून आणखी किती जाणार?"

तो म्हणाला, "काका, हलू नका."

"अरे, तोच तर आजार आहे."

ही गंमत ते सगळ्यांना सांगत. पण पुढे सांगायला माणसंच उरली नाहीत, कारण बाबांनी खाली सोसायटीच्या बाकावर गप्पांना जाणं सोडलं. चारचौघांत चहा सांडतो म्हणून. दिवसभर खुर्चीत बसायचे. गोळ्यांनी हात बरा होता, पाय बरे होते. माणूस मात्र उतरत चालला होता. यासाठी माझ्याकडे यादी नव्हती.

त्यात पुन्हा ते विज्ञानाचं पान आलं. काही मशरूममध्ये भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं, त्यावर परदेशात प्रयोग चालू आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिलं की काही जणांची खोल उदासी हटते, मेंदूच्या इतर आजारांतही तपासणं चाललंय, वगैरे. बाबांनी कात्री मागितली. कात्रण फ्रिजवर लागलं आणि माझ्या भाजीच्या यादीत थरथरत्या अक्षरात भर पडली: मशरूम, दोन पाकिटं.

"बाबा, ते मशरूम वेगळे. त्यांना आपल्याकडे बंदी आहे. हे भाजीचे आहेत."

"मूळ माल मिळत नसला की पर्यायी माल घ्यायचा आणि तशी नोंद करायची. मी केलीये."

खाऊ देत, म्हटलं. मारुंजीत एक जण मशरूम पिकवतो, तो आमच्या फाट्यावर देऊन जायचा. ट्रायलला साक्षीदार हवेत म्हणून बाबांनी दोन जुने सहकारी बोलावले. त्यांना आम्ही खात्याच्या नावानेच ओळखतो: मेंटेनन्स आणि पेंटशॉप. मेंटेनन्स मूळचे इथल्याच गावचे, पेंटशॉप लातूरकडचे. रोज चारला यायचे. सकाळी करून ठेवलेली मशरूमची भाजी तिघं गरम करून खायचे आणि तक्ता भरायचे: हात, चाल, झोप, मन. प्रत्येकाला दहापैकी गुण. या दिवसांत बाबांचा हात जास्त थरथरताना मला दिसत होता, पण आजार वाढला असेल असं मी धरून चालले.

दहाव्या दिवशी गुरुवार होता, माझी सुट्टी. बाबा रिकामी ताटली घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले आणि उंबऱ्यापाशी थांबले. पाय उचलेचना. जमिनीला चिकटल्यासारखे.

पेंटशॉप मागून म्हणाले, "जरा ढकलू का?"

"ढकलू नगंस," मेंटेनन्स म्हणाले. "आदी फॉल्ट बघ. सेन्सर अडाकला आसंल."

"भावा, माणूस हाय तो."

"मानसाला सेन्सर न्हाई व्हय?"

बाबा अडकलेल्या जागेवरून म्हणाले, "वेळ लिहा." पेंटशॉपनी लिहिली: चार वाजून बारा मिनिटं.

मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि गोळ्यांचा डबा उघडला. कालच संपायला हवी होती ती पाकिटं जशीच्या तशी होती. यादीवर आतापर्यंतचा एकही चौकोन रिकामा नव्हता. पण आत बरोबरची खूण नव्हती, बारीक गोल होते. दहा दिवसांचे एकोणचाळीस गोल, आजची रात्रीची गोळी तेवढी बाकी होती. मी फक्त रिकामे चौकोन शोधते. भरलेले कोण वाचतं?

"तुम्ही खोटं लिहिलंत?"

"खोटं कशाला लिहीन? गोल म्हणजे होल्ड. नग बाजूला ठेवलाय." ते शांतपणे म्हणाले, "मशरूम आणि गोळी दोन्ही चालू ठेवली तर गुण कशाचा ते कसं कळणार? एका वेळी एकच बदल."

मेंटेनन्सनी मान हलवली. नियम बरोबर होता. चौतीस वर्षं त्या नियमाने कुणाचं वाईट झालं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही चौघंही डॉक्टरांकडे गेलो. ही गोळी अशी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आवाज चढवून. बाबांनी तक्ता पुढे केला.

"हात बिघडला, मान्य. चाल बिघडली, मान्य. पण हा रकाना बघा."

मनाचा रकाना. पहिल्या दिवशी तीन. नंतर पाच, सात, सात, आठ.

"म्हणजे मशरूम लागू पडतोय," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "या दहा दिवसांत दुसरं काय बदललं?"

"काही नाही. एका वेळी एकच..."

बाबा थांबले. दाराशी दोन खुर्च्यांवर मेंटेनन्स आणि पेंटशॉप पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तक्त्याकडे.

"हे दोघं यायला लागले," ते म्हणाले. "हे नोंदवायचं राहिलं."

"त्या परदेशातल्या प्रयोगांतसुद्धा रुग्णाजवळ तासन् तास कुणीतरी बसलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "औषधाचा गुण किती आणि सोबतीचा किती, यावर तिथेही डोकेफोड चालू आहे. तुमचा मशरूम मात्र नुसती भाजी आहे."

बाबांनी खिशातलं पेन काढलं, बराच वेळ लावून तक्त्यावर आडवं 'रिजेक्ट' लिहिलं आणि खाली सही केली.

रिक्षात बसल्यावर बाबांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "नवी ट्रायल. गोळ्या चालू. मशरूम बंद. हे दोघं कायम."

"बंद?" मेंटेनन्स म्हणाले. "मंग आमी खायाचं काय?"

आता फ्रिजवर सहावी यादी आहे, चारच्या खाण्याची. ती मेंटेनन्स ठरवतात. कांदाभजी फार वेळा येतात. गोळ्यांच्या यादीत मी एक रकाना वाढवला. इन्स्पेक्टरने स्वतःचं काम स्वतः पास करायचं नसतं, हे बाबांनीच सुचवलं. त्यामुळे चारच्या गोळीपुढे साक्षीदाराची सही असते, बाकीच्या तिन्हींपुढे माझी, त्यातली दुपारची मी कामावरून व्हिडिओ कॉलवर बघते. पेंटशॉपची सही इतकी वळणदार आहे, की चौकोन मला मोठे करावे लागले.

बाबांचा हात पुन्हा गोळीआधीच्या वेळेला थरथरतो, नंतर थांबतो. चहा सांडतो. तिघांचाही सांडतो. मेंटेनन्सना कसलाही आजार नाही. ते बोलताना हातवारे करतात.